मालकाचा प्रतिसाद: ‘फुकटचं सॉफ्टवेअर टाकून अडीच हजार उकळले’ या अभिप्रायावर

नमस्कार काका,

(लॅपटॉपवर अभंग रेकॉर्ड करायची सोय लावून द्यायला घरी आलो तेव्हा काकाच म्हणत होतो, इथंही तेच म्हणतो.)

तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुमचे फोन उचलले गेले नाहीत हेही खरं आहे. लग्नसराई होती, साउंडची कामं चालू होती, आणि मिक्सरपाशी उभं असताना खिशातला फोन वाजलेला कळत नाही. नंतर उलट फोन करायला हवा होता.

तुम्ही मुख्यतः तीन गोष्टी लिहिल्यात. फोन उचलत नाहीत, हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतो, आणि ‘फुकटचं सॉफ्टवेअर टाकून २,५०० रुपये उकळले’. पहिल्या दोन गोष्टींचं वाईट वाटलं. तिसरी मात्र जिव्हारी लागली, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो. आमचं पान बघून सांगली-मिरजेचे लोक फोन करतात, त्यांनाही हे कळलेलं बरं.

रीपर, म्हणजे मी तुमच्या लॅपटॉपवर घातलेलं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, फुकट नाही. ६० दिवस सगळ्या सोयींसकट वापरून बघायला मिळतं आणि पुढे घरगुती वापरासाठी ६० डॉलरचा परवाना घ्यायचा असतो. हे मी त्याच दिवशी सांगितलं होतं. तुमच्या अभंगांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहूनही दिलं होतं, काकू चहा घेऊन आल्या तेव्हा तेच लिहीत होतो. ते पैसे थेट कंपनीला जातात, त्यातला एक रुपयाही माझ्याकडे येत नाही. दरमहा हप्ता नाही. एकदा परवाना घेतला की चालू आवृत्ती आणि तिच्यापुढची एक अख्खी आवृत्ती त्यातच भागते. आणि काका, तुम्हीच अभिप्रायात खाली लिहिलंय की ‘उघडताना दर वेळी परवाना घ्या म्हणून खिडकी येते’. फुकटचं असतं तर ती खिडकी कशाला आली असती?

मग २,५०० कशाचे? सॉफ्टवेअरचे नाहीतच. ते उतरवून घ्यायला पाच मिनिटं लागतात, वीसेक एमबीची तर फाइल आहे, कुणीही घेईल. पैसे त्यानंतरच्या कामाचे होते. तुमच्या ऑडिओ इंटरफेसचा (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डबीचा) कंपनीचा आसिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज उशीर न होता आत-बाहेर नेणारा प्रोग्राम, शोधून घातला, कारण विंडोजचा साधा ड्रायव्हर गाताना कामाचा नाही. चार्जर लावला की घूं असा आवाज येत होता, तो कुठल्या प्लगमुळे येतोय ते एकेक काढून बघितलं. पंखा बंद करून, खिडकी लावून, माइक कुठं ठेवायचा ते ठरवलं. पेटीचा माइक आधी तुम्ही समोर ठेवला होता, त्यात सूर कमी आणि भात्याचा फस्सफस्स जास्त येत होता. तो उचलून कडेला, जरा वरच्या बाजूला घेतला आणि पेटीखाली सतरंजी घातली, तेव्हा तुम्हीच म्हणालात, ‘आत्ता पेटी वाटली.’ गळ्याचा आवाज वरच्या पट्टीत गेला तरी मीटर उणे बारा डेसिबलच्या आसपासच राहील एवढाच गेन (माइकचा आवाज वाढवायचं प्रमाण) ठेवला, म्हणजे तान फाटणार नाही. शेवटी गळा, पेटी, तबला, टाळ असे ट्रॅक नावं घालून तयार करून दिले, की उघडायचं, लाल बटण दाबायचं आणि गायचं. विटा घरच्या आहेत म्हणून गवंड्याची मजुरी बुडत नाही.

येण्याजाण्याचं पेट्रोल मी लावलं नव्हतं. हे लिहायचं नव्हतं खरं तर, पण ओघात आलं.

आता रीपरच का, तर तुमच्या लॅपटॉपकडे बघून. चार जीबी रॅम आणि सी ड्राइव्हवर उरलेली जागा बेताची. अशा मशिनवर जडजूड सॉफ्टवेअर आणि त्याच्याबरोबरची काही जीबींची वाद्यांची लायब्ररी घातली असती तर दुसऱ्या कडव्याला ते अडकलं असतं. ती वाद्यं तुम्हाला नकोतही, पेटी घरात आहे. तुमच्या भाच्यानं लॉजिक नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्यायला सांगितलं होतं. लॉजिक चांगलंच आहे, पण ते बनवणारी कंपनी ॲपलनं २००२ मध्ये विकत घेतली आणि त्यानंतर ते विंडोजवर येणं बंद झालं, फक्त ॲपलच्याच मशिनवर चालतं. तुमचा लॅपटॉप विंडोजचा. गॅरेजबँडचंही तेच. ऑडॅसिटी खरोखर फुकट आहे, एकच आवाज रेकॉर्ड करून कापाकापी करायला मी स्वतः वापरतो, पण पेटीवर गळा, गळ्यावर टाळ असं थरावर थर रचायला रीपर सोपं पडतं. प्रो टूल्सची एक फुकट आवृत्ती आहे, तिच्यात ऑडिओचे आठच ट्रॅक मिळतात. तुमच्या भजनी मंडळात टाळकरीच तेवढे आहेत!

उरलं एफएल स्टुडिओ. त्याबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘मागितलं ते दिलं नाही’. हे अर्धवट आहे, म्हणून नाइलाजानं पूर्ण करतो. तुम्ही मागितलं होतं ते भाच्यानं पेनड्राइव्हवर दिलेलं क्रॅक केलेलं एफएल स्टुडिओ. ते मी कुणाच्याच मशिनवर घालत नाही, दुकानाचा नियम आहे आणि व्हायरसची भीतीही आहे. उद्या त्यातून काही शिरलं असतं तर तेही आमच्याच नावावर लागलं असतं. विकतच घ्यायचं तर मी तेव्हाच सांगितलं होतं की त्यातली सर्वांत स्वस्त फ्रूटी आवृत्ती घेऊ नका, तिच्यात माइकवरून गाणं रेकॉर्ड करायची सोयच नाही, त्याच्या वरची घ्यावी लागते. आणि फुकट चाचणीत काम जतन होतं पण परवान्याशिवाय परत उघडत नाही. ठेका रचायला ते छानच आहे. विलंबित लयीत, ताल मागेपुढे होत म्हटलेल्या अभंगाला त्याच्या चौकटी आड येतात. रीपरमध्ये मी ग्रिडला, म्हणजे तालाच्या ठरलेल्या खुणांना, चिकटणं बंद करून ठेवलं होतं ते त्यासाठीच.

आवाज मागून येतो त्याबद्दल. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. ऑडिओ डिव्हाइसमध्ये आसिओ जाऊन दुसरंच काही निवडलेलं दिसतंय, आणि तुमच्या कानात ब्लूटूथचे इअरफोन आहेत. काका, ब्लूटूथमधून आवाज एकदोन दशांश सेकंद उशिरानंच येतो. गाणी ऐकताना ते कळत नाही, गाताना मात्र आपणच आपल्या मागे गातोय असं होतं. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही, क्यूबेससारखं दुसरं सॉफ्टवेअर घातलं असतं तरी हेच झालं असतं. मी निघालो तेव्हा वायरचा हेडफोन इंटरफेसला लावलेला होता आणि बफर (लॅपटॉप आवाज एका वेळी जेवढा साठवून पुढे सोडतो तो तुकडा) १२८ वर होता. ४८ किलोहर्ट्झला तो पावणेतीन मिलिसेकंदांचा होतो, जाऊन-येऊन थोडा वाढला तरी कानाला जाणवत नाही. आता तो १०२४ दिसतोय, म्हणजे एकवीस मिलिसेकंद, आणि वर ब्लूटूथ. कुणी बदललं ते मी विचारत नाही.

पुन्हा आसिओ निवडा, बफर १२८ करा, वायरचा हेडफोन लावा. तरी कुठं कर्रकर्र आलं तर २५६ करा. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे, त्यावर मी पांढरी पट्टी चिकटवली होती. ते दाबलं की गळा लॅपटॉपमध्ये न जाताच थेट कानात येतो. तेव्हा फक्त रीपरमधल्या त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (गाताना आवाज परत ऐकवणं) बंद करा, नाहीतर आवाज दोनदा येईल. गाऊन झाल्यावर, इको वगैरे घालताना बफर खुशाल वाढवा.

यापुढे कामाची आणि पैशांची यादी छापील कागदावर द्यायची असं ठरवतोय, फोनचंही काहीतरी बघतो.

वायरचा हेडफोन घरी नसेल तर दुकानातून न्या, पैशांचं नंतर बघू. लॅपटॉप घेऊन आलात तर समोर बसून लावून देतो, त्याचे पैसे नाहीत. दोन तारे तसेच राहू द्या काका, तुमचा अनुभव तुमचा. फक्त ते ‘उकळले’ तेवढं काढलंत तर उपकार होतील. काल एका नव्या गिऱ्हाइकानं फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला.