पांढरं दिसलं म्हणजे गाठच, असं नसतं

गेले काही दिवस सांगली, मिरज, तासगाव, विट्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘मेंदूच्या गाठीचा एमआरआय काढताय? आधी हे वाचा’ अशी सुरुवात आणि खाली पाच दावे. काँट्रास्टचं इंजेक्शन बिल वाढवायला देतात आणि त्याने किडनी जाते. एमआरआयवरच कॅन्सर कळतो, तपासायला तुकडा (बायोप्सी) काढला की गाठ भडकते. ऑपरेशननंतर दोन दिवसांत पुन्हा एमआरआय म्हणजे लूट. शेक (रेडिएशन) संपल्यावर गाठ मोठी दिसली तर उपचार फेल, बंद करा. आणि शेवटी, या सगळ्यापेक्षा एकदाच पेट स्कॅन काढा. मिरजेत १८९४ पासून मोठा दवाखाना आहे, जत-आटपाडीपासून पलीकडे कर्नाटकातून पेशंट येतात, घरटी कुणाची ना कुणाची फाईल असते. असा मेसेज इथे पटकन पुढे जाणारच. पाचातला चौथा दावा सगळ्यात घातक आहे, म्हणून जास्त जागा त्याला दिली आहे.

‘इंजेक्शन बिलासाठी.’ निरोगी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना पक्की बांधबंदिस्ती असते. इंजेक्शनमधून रक्तात गेलेलं गॅडोलिनियम, म्हणजे काँट्रास्टचं औषध, तिच्यातून बाहेर पडत नाही. ग्लायोब्लास्टोमासारखी आक्रमक गाठ घाईघाईने नव्या वाहिन्या उभ्या करते आणि त्या गळक्या असतात. जिथे गळती तिथे औषध साठतं, आणि टी-१ चित्रात (टी-१, टी-२, फ्लेअर, डिफ्यूजन हे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार) तो भाग पांढरा दिसतो. गाठीचा मधला भाग मेलेला असतो, म्हणून बऱ्याचदा जाड, वेडीवाकडी पांढरी कडी दिसते. इंजेक्शन नसेल तर फ्लेअर चित्रात गाठ आणि भोवतीची सूज दोन्ही सारखीच पांढरी. कुठे काय संपतं ते कळत नाही. थोडक्यात, पांढरा रंग गळतीचा आहे. पुढचे सगळे घोळ हे विसरल्याने होतात.

मात्रा किलोला ०.१ मिलिमोल. ६० किलोच्या माणसाला नेहमीच्या ताकदीचं औषध १२ मिलि, दुप्पट ताकदीचं असेल तर ६ मिलि. क्रमही ठरलेला आहे: आधी साधं टी-१, मग फ्लेअर, मग डिफ्यूजन, मग इंजेक्शन. औषध मुरेपर्यंत टी-२ उरकायचं आणि इंजेक्शननंतर ४ ते ८ मिनिटांच्या दरम्यान टी-१ पुन्हा काढायचं. एकदा दुसऱ्याच मिनिटाला आणि पुढच्या खेपेला पंधराव्या मिनिटाला चित्र घेतलं, तर तीच गाठ वेगळ्या मापाची दिसते.

किडनीची भीती बहुतेक सीटी स्कॅनच्या आयोडीनवाल्या डायवरून इकडे आली आहे. गॅडोलिनियमचा प्रश्न किडनी आधीच फार कमी चालते त्यांच्यापुरता, म्हणजे जीएफआर (किडनीच्या गाळण्याचं माप) ३० च्या खाली असलेल्यांचा. तोही मुख्यतः जुन्या, सरळ साखळीच्या रेणूंच्या औषधांचा. हल्लीच्या बंदिस्त कड्यांच्या औषधांत धोका अत्यल्प आहे. म्हणून आधी रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती चालते ते, बघतात. मेसेजच्या बाजूने एक सांगायला हवं: काही औषधांचे सूक्ष्म अंश मेंदूत उरतात, आणि म्हणूनच युरोपने २०१७ मध्ये सरळ साखळीच्या बऱ्याच औषधांचा वापर थांबवला. त्या अंशांमुळे मेंदूला इजा होते असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

‘तुकडा काढला की भडकते.’ मुळात अशी पांढरी कडी इतरही आजारांत दिसते. आपल्याकडे टीबीची गाठ आणि फीतकृमीची गाठ कॅन्सरचं सोंग सहज घेतात, पूचा फोडही घेतो. थोडी वेगळी ओळख पटते: पू असेल तर डिफ्यूजनमध्ये मधला भाग झगझगीत पांढरा आणि त्याच्याच जोडीच्या एडीसी नकाशावर काळा, गाठीचा मेलेला मधला भाग सहसा तसा नसतो. कृमीच्या गाठीत कधी कधी डोक्याचा ठिपका दिसतो. पण ‘सहसा’ आणि ‘कधी कधी’ या दोन शब्दांवर कुणाच्या डोक्याला सहा आठवडे शेक देता येत नाही.

इंजेक्शनने किती उजळते यावर ग्रेडही ठरत नाही. पोरांमधली पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा ही पहिल्या ग्रेडची गाठ झकास उजळते. उलट काही गाठी जेमतेम उजळतात आणि तरी चौथ्या ग्रेडच्या निघतात, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत जनुकं बघतात: आयडीएच हे जनुक बदललेलं नाही आणि टर्ट, ईजीएफआर या जनुकांची किंवा सातव्या-दहाव्या गुणसूत्राची ठरावीक खूण सापडली, तर मायक्रोस्कोपखाली सौम्य दिसलं तरी ती ग्लायोब्लास्टोमाच. ही जनुकं चित्रात दिसत नाहीत. त्यासाठी तुकडाच लागतो.

राहिला पसरण्याचा मुद्दा. द्राक्षवाल्यांना सांगायला नको: पानावर डावणीचा डाग दिसतो त्याच्या काही दिवस आधीच बुरशी पानात शिरलेली असते. या गाठीचंही तसंच. पांढऱ्या कडीच्या बाहेर पेशी आधीच पोचलेल्या असतात. म्हणूनच शेक देताना कडीभोवती आणखी दीड ते दोन सेंटिमीटर घेतात. सुईने गाठ पसरत नाही, ती आधीच पसरलेली असते. बायोप्सीचे खरे धोके दोन. एक रक्तस्राव. दुसरा, तुकडा मधल्या मेलेल्या भागातून येणं, मग रिपोर्टवर नुसतं ‘नेक्रोसिस’ (मेलेल्या पेशी) आणि सगळं पहिल्यापासून. तुकडा कडीच्या जिवंत भागातून घ्यायचा असतो, आणि ती जागा काँट्रास्ट व परफ्यूजन (रक्ताचं प्रमाण दाखवणारं चित्र) हेच दाखवतात. लिम्फोमाचा (पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचा) संशय असेल तर डोकं दुखतंय म्हणून आधीच स्टेरॉइड सुरू करू नये. गाठ विरघळते आणि तुकड्यात काही सापडत नाही.

‘दोन दिवसांत पुन्हा एमआरआय म्हणजे लूट.’ ऑपरेशननंतरचा एमआरआय ७२ तासांच्या आत, जमल्यास ४८ च्या आत काढतात. नंतर जखम भरताना तिची कडही उजळू लागते आणि उरलेली गाठ व भरणारी जखम यांत फरक करता येत नाही. साधं टी-१ इथे वगळायचं नाही, कारण साकळलेलं रक्त इंजेक्शनशिवायही पांढरं दिसतं. डिफ्यूजनही लागतं: कडेचा भाग ऑपरेशनमध्ये रक्ताविना मेला असेल तर तो काही आठवड्यांनी उजळतो आणि ‘गाठ परत आली’ अशी बोंब होते.

‘शेकानंतर मोठी दिसली तर बंद करा.’ २००५ पासूनचा ठरलेला उपचार असा: ३० वेळा मिळून ६० ग्रे (शेकाच्या मात्रेचं एकक) शेक, सोबत रोज टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या, मग दर २८ दिवसांत ५ दिवस गोळ्या, सहा फेऱ्या. शेकाने वाहिन्यांनाही इजा होते, त्या आणखी गळतात. गळती वाढली की पांढरं वाढतं, आत गाठ मरत असली तरी. याला खोटी वाढ म्हणतात. पाचांतल्या एखाद्याला तरी ती दिसते, बहुतेक वेळा शेक संपल्यापासून पहिल्या १२ आठवड्यांत. गंमत अशी की ज्यांच्या गाठीला गोळ्या चांगल्या लागू पडतात (रिपोर्टवर ‘एमजीएमटी मिथायलेटेड’ लिहिलेलं असतं), त्यांच्यात ती जास्त आढळते.

समजा मागच्या एमआरआयमध्ये गाठ ४ × ३ सेंटिमीटर होती, आता ५ × ३ आहे. गुणाकार १२ वरून १५, म्हणजे बरोबर २५ टक्के वाढ. कागदावर हीच ‘वाढली’ ठरवायची रेषा. पण त्याआधी तीन गोष्टी बघायच्या. शेक कधी संपला? १२ आठवडे झाले नसतील आणि नवं पांढरं शेकाच्या क्षेत्रातच असेल, तर गोळ्या चालू ठेवून किमान चार आठवड्यांनी पुन्हा एमआरआय. स्टेरॉइड किती? डेक्सामेथासोन रोज ८ मिलिग्रॅमवरून २ वर आणलं असेल तर नुसत्या त्यानेही पांढरं वाढू शकतं. आणि तुलना कशाशी? गाठ वाढली की नाही हे ठरवायच्या २०२३ च्या सुधारित निकषांनुसार तुलनेचा पाया शेकानंतर साधारण चार आठवड्यांनी काढलेला एमआरआय. शेकाआधीच्या फिल्मशेजारी नवी धरून गाठ मोजायची नाही. पेशंटची तब्येत खरोखर ढासळत असेल किंवा पांढरं शेकाच्या क्षेत्राबाहेर उगवलं असेल, तर अर्थातच वाट बघत बसायचं नाही.

इथे परफ्यूजनची मदत होते: जिवंत गाठीत रक्ताचं प्रमाण जास्त, शेकाने भाजलेल्या भागात कमी. पण काँट्रास्टचं औषध सेकंदाला ४ ते ५ मिलि वेगाने जायला हवं, त्यासाठी हिरवी किंवा गुलाबी इंट्राकॅथ (शिरेत लावायची जाड नळी). केमोने शिरा खराब झालेल्या पेशंटला बारीक पिवळी लावली की औषध रेंगाळतं आणि आलेख सपाट येतो. मग ‘रक्त कमी, म्हणजे गाठ नाही’ असा उलटा रिपोर्ट निघायची भीती. टाक्याजवळचं धातू आणि जुनं रक्तही हे चित्र बिघडवतं.

उलटी फसगतही होते. बेव्हासिझुमॅब हे नव्या वाहिन्या रोखणारं औषध दिलं की गळती थांबते, काही दिवसांतच पांढरं ओसरतं आणि घरात पेढे वाटले जातात. अशा वेळी फ्लेअर बघावं. गाठ तिकडे गुपचूप पसरत असू शकते.

‘पेट स्कॅन एकदाच काढा.’ नेहमीचं पेट साखरेवर चालतं आणि मेंदू स्वतःच साखरेचा मोठा गिऱ्हाईक. सगळा मेंदू उजळतो, त्यात गाठ शोधणं अवघड. अमिनो आम्लाचं पेट वेगळं आणि खरंच उपयोगी आहे, पण त्यातल्या मेथिओनिनचं आयुष्य अर्धं व्हायला २० मिनिटं पुरतात, म्हणजे ते बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, त्याच आवारात हवं. एफईटी या दुसऱ्या अमिनो आम्लाला ११० मिनिटं मिळतात, म्हणून ते बाहेरून आणता येतं. दोन्ही एमआरआयच्या जोडीला असतात.

मेसेजमध्ये नसलेली, पण रोज अडचण करणारी एक गोष्ट सीडीची. फिल्मवरचे काप बहुधा ५ मिलिमीटरचे, मधे जागा सोडून काढलेले. ऑपरेशनच्या नेव्हिगेशनला (संगणकावर गाठीची जागा दाखवणाऱ्या यंत्रणेला) सलग १ मिलिमीटरचे काप लागतात, आणि ते सीडीवरच असतात. पुण्या-मुंबईला जाताना लोक फिल्मचं भलं मोठं पाकीट काखेत मारून नेतात आणि सीडी घरी कपाटात राहते. सगळ्या सीड्या न्याव्यात, पहिल्या एमआरआयपासूनच्या, आणि पाकिटावर मार्कर पेनने दोन गोष्टी लिहाव्यात: शेकाचा शेवटचा दिवस आणि त्या एमआरआयच्या दिवशी डेक्सा किती मिलिग्रॅम चालू होतं.