बाविसाव्या दिवशीही रडली, मग?

'21 दिवस न चुकता पाठवा, 22व्या दिवशी मूल हसत शाळेत जाईल.' हे वाक्य महिन्याभरात मला तीनदा वाचावं लागलं. दोनदा वॉट्सॲपवर आलं, ते मी सोडून दिलं. तिसऱ्यांदा ते धाकट्या बहिणीच्या घरी भिंतीवर दिसलं: कॅलेंडरवर रोजची लाल फुली आणि 21व्या दिवसाभोवती गोल. भाची चार वर्षांची आहे आणि शाळेचं हे पहिलंच वर्ष. 22व्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला, "ताई, आजही रडली गं. हिचंच काही चुकतंय का?" म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर फॉरवर्डशी भांडत बसायला वेळ कोणाला आहे!

मथळा 'मानसशास्त्राने सिद्ध केलेले 6 नियम' असा आहे. नियम थोडक्यात सांगते. मूल खेळात गुंतलं की न सांगता निघा. 21 दिवस एकही खाडा नको, पडलाच तर मोजणी पुन्हा एकपासून. त्यानंतरही रडलं तर ते लाडाचं रडणं समजा. सकाळची पोटदुखी म्हणजे नाटक. झोपेची वेळ आठवडाभर आधीच बदला. वरच्या वर्गात जाणाऱ्या मुलांकडून नवी पुस्तकं सुट्टीतच संपवून घ्या.

आधी त्या 21चं बघू. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान 21 दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी 1960 साली एका पुस्तकात मांडलं. पुढे सांगोवांगी त्यातलं 'निदान' गळलं, चेहरा गळला, शस्त्रक्रियाही गळली. उरला तो नुसता आकडा. तोच आता व्यायामाला, पहाटे उठायला आणि आमच्या भाचीला सरसकट लावला जातो.

सवय लागायला किती दिवस लागतात, हे कोणी खरोखर मोजलंय का? मोजलंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. 96 जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी सवय निवडली आणि 12 आठवडे रोज नोंद ठेवली. ती सवय अंगवळणी पडायला लागलेला मधला आकडा निघाला 66 दिवस. कोणाला 18 दिवस पुरले, तर कोणाला 254 लागतील असं दिसलं. अभ्यास चाललाच 84 दिवस, त्यामुळे तो 254 हा गणिताने पुढे ओढून काढलेला अंदाज आहे, हेही सांगते. ही सगळी मोठी माणसं होती, स्वतःच्या मर्जीने सवय लावून घेणारी. तरी त्यांच्यात एवढा फरक. आता कृपा करून कोणी '66 दिवसांत मूल रुळतं' असा नवा फॉरवर्ड काढू नका. शाळेत रुळणं म्हणजे रोज पेलाभर पाणी पिणं नव्हे. तिथे नवी माणसं असतात, नवा आवाज असतो, आणि आई नसते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही. म्हणजे 'खाडा पडला की पुन्हा एकपासून' हा नियमही कोणीतरी बसल्या बसल्या रचलेला. पण त्यापायी काय होतं, ते ऐका. नवव्या दिवशी भाचीचं अंग तापलं होतं. बहिणीने औषध पाजून, दप्तर अडकवून तिला दारापर्यंत नेलं, कारण आठ फुल्या वाया गेल्या असत्या. मेहुण्यांनी अडवलं म्हणून ती घरी राहिली. नाहीतर वर्गातल्या बाकीच्या पोरांनाही प्रसाद मिळाला असता.

पण मला सगळ्यात जास्त राग आहे तो 'न सांगता निघा' या नियमाचा. बहिणीने तो पाच दिवस पाळला. भाची ठोकळे रचत बसली की ही मागच्या मागे पसार. सहाव्या दिवसापासून भाची ठोकळ्यांकडे बघेना. शाळेत आईच्या कुर्त्याचं टोक मुठीत धरून नुसती उभी. घरीही तेच. आई आंघोळीला गेली की ही दाराबाहेर बसून दर मिनिटाला "आहेस ना?" विचारणार. यात हट्ट कसला? खेळायला लागलं की आई नाहीशी होते, एवढं तिला पाच दिवसांत नीट कळलं होतं. शिकवलं आपणच.

अर्धं सत्य यातही आहे, ते मान्य करते. दारात रेंगाळणं खरंच वाईट. चार वेळा मिठ्या, पुन्हा मागे येणं, खिडकीतून डोकावणं, वर स्वतःचेच डोळे भरून येणं, यानं रडणं लांबतं. शाळेतल्या बाई 'निघा आता' म्हणतात ते बरोबरच असतं. पण निरोप छोटा घ्यायचा आणि निरोप घ्यायचाच नाही, यात फरक आहे. "डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, की मी दारात" एवढं सांगायचं, हात हलवायचा आणि निघायचं. चार वर्षांच्या मुलाला साडेबारा कळत नाहीत, डब्यानंतर गोष्ट हे कळतं. आणि सांगितलंय तर त्या वेळी खरंच दारात असायचं. पहिले काही आठवडे तरी उशीर नको.

रडणं थांबलं म्हणजे मूल रुळलं, हे या फॉरवर्डचं गृहीतच लंगडं आहे. 1950च्या सुमारास जेम्स रॉबर्टसन या संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांत आईवडिलांशिवाय राहणारी लहान मुलं पाहिली. आधी आकांत करणारी ही मुलं पुढे गप्प होत, आणि कर्मचाऱ्यांना वाटे, रुळली. रॉबर्टसन यांना त्या गप्प बसण्यात निराशा दिसली. शाळा म्हणजे रुग्णालय नव्हे, मला कळतं. पण निरोप घेताना रडून दहा मिनिटांनी खेळणाऱ्या मुलापेक्षा, न रडता दिवसभर कोपऱ्यात बसणाऱ्या मुलाची चौकशी आधी करावी. बाईंना 'रडली का?' असं विचारण्याऐवजी 'कोणाशी खेळली? डबा खाल्ला?' असं विचारा.

बाकीचं झटपट. पोटदुखी नाटक नसते, धास्तीने पोट खरंच दुखतं. सुट्टीच्या दिवशीही दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पुस्तकं आधीच संपवली तर वर्गात मूल कंटाळणार, आणि मोठ्या मुलांना भीती बहुतेकदा धड्यांची नसतेच, शेजारी कोण बसणार याची असते. झोपेचा नियम मात्र बरोबर आहे, नाइलाजाने का होईना, मान्य. 3 ते 5 वर्षांच्या मुलांना दुपारची डुलकी धरून 10 ते 13 तास झोप लागते, 6 ते 12 वर्षांच्यांना 9 ते 12 तास. ती वेळ शाळेच्या आदल्या रात्री एकदम ओढता येत नाही.

कॅलेंडर मी उतरवायला लावलं. परवा बहिणीला विचारलं, "रडली का?" तर म्हणाली, "हो, थोडी. मग बाईंचा हात धरून गेली आत. ते जाऊ दे, ताई, तू आणलेल्या वॉटरबॅगचा पट्टा तुटला, तसाच दुसरा मिळेल का?"