जवानाची कंबर

मिरगाचा पहिला पाऊस पडला की गोव्यात लोक कुर्ल्या पकडायला निघतात आणि आम्ही रबराच्या रिंगा शोधायला. पावणेचार इंची जी. आय. जो, म्हणजे खेळण्यातले प्लॅस्टिकचे सैनिक, ज्यांच्या काचेच्या कपाटात उभे आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. मेपर्यंत छाती काढून उभा असलेला कमांडो जूनमध्ये उचलायला जावं, तर छाती हातात येते आणि पाय कपाटातच राहतात.

खरं तर यात पावसाचा दोष नाही. 1982 पासूनच्या या छोट्या सैनिकाचं अख्खं शरीर पोटातल्या एका काळ्या ओ-रिंगवर तोललेलं असतं. सतत ताणलेलं रबर वर्षानुवर्षं हवा खाऊन कडक होतं, मग तडकतं आणि एके दिवशी तुटतं. पण गोव्यात वीज गेली, नेटवर्क गेलं, लग्न लांबलं, सगळ्याचा दोष पावसाला द्यायचा रिवाज आहे. तिथे कंबर कशी सुटेल? पाठीचा स्क्रू आणि कोपराचे रिव्हेट गंजतात तो गुन्हा मात्र खारट दमट हवेचाच.

नवी रिंग नळाच्या सामानाच्या दुकानात मिळते, चहाच्या पैशात मूठभर. मापाचा आकडा सांगत बसू नका, जुन्या रिंगचे तुकडे कागदात बांधून न्या. दुकानदार विचारणारच, ‘‘कुठल्या नळाला, पात्रांव?’’ इथे सैनिकाचं नाव काढू नये. फ्लशची टाकी म्हणावं आणि मोकळं व्हावं. रिंग जाड निघाली तर छाती-पाठ नीट मिटत नाहीत आणि ओढ कमरेच्या नाजूक तुकड्यावर येते. तो तुकडा दोन पायांमध्ये मोडला की नवा मिळत नाही, दुसऱ्या जवानाचा काढावा लागतो. रिंग सैल निघाली तर तुमचा कमांडो कायमचा मुजऱ्याला वाकलेला. सिलिकॉनची मिळाली तर तीच घ्या, ती जास्त टिकते.

आता शस्त्रक्रिया. खाली स्टीलचं ताट हवंच, कारण पाठ उघडताक्षणी डोकं एकीकडे, हात दुसरीकडे आणि स्क्रू थेट कपाटाखाली. घड्याळजीचा बारीक प्लस स्क्रूड्रायव्हर खाचेत आधी दाबा, मग फिरवा. उलट क्रम केलात तर खाच गुळगुळीत होते. गंजून बसला असेल तर टाचणीच्या टोकाने शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि दुसऱ्या दिवशी या. तेलाच्या फवाऱ्याची बाटली लांब ठेवा. आतली रचना साधी आहे: दोन्ही पाय एका लोखंडी आकड्याला लटकतात, रिंग त्या आकड्यात अडकते, कमरेच्या भोकातून वर येते आणि छातीच्या आतल्या खुंटीला बसते. रिंग ताणून धरत, दोन्ही हात खोबणीत ठेवून, मान जागेवर सांभाळत पाठ लावायची. याला तीन हात लागतात आणि देवाने दोनच दिलेत. स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात टक्‌कन बसल्याचं बोटाला कळलं की मगच घट्ट करा. नाहीतर प्लॅस्टिकमध्ये नवे आटे पडतात आणि पुढच्या खेपेला स्क्रू नुसता गरगरतो.

कंबर सावरली की अंगठ्याकडे बघा. तो टाचणीच्या डोक्याएवढा, आणि कंपनीने दिलेली बंदूक त्याच्या ताकदीबाहेरची. मूठ अर्धा मिनिट कोमट पाण्यात धरा, मग बंदूक हळूच सरकवा. कोरड्या हातात कोंबली की तुटलेल्या अंगठ्यांच्या डबीत आणखी एक जमा.

घरातला शत्रू वेगळाच. चवथीच्या साफसफाईत आई विचारते, ‘‘हे बाहुले अजून ठेवायचेत?’’ आणि उत्तराची वाट न बघता प्रेमाने त्यांच्यात डांबराच्या गोळ्या टाकते. त्या गोळ्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतात. एखादा काका फेणीने पुसायचा सल्ला देतो; फेणी काकाच्या पोटात बरी, जवानाच्या भुवया तिने उडतात. नेलपॉलिश रिमूव्हर तर चेहराच विरघळवतो. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. मऊ रबरी पट्टे कडक प्लॅस्टिकला टेकवून ठेवू नका, त्यातलं तेलकट रसायन उतरतं आणि पाठीवर वितळल्यासारखा चर पडतो. कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे निळे खडे ठेवा. खडे गुलाबी झाले की सुकवा, पण पोळ्यांच्या तव्यावर नव्हे.

आणि हे सगळं कशासाठी? हॅस्ब्रो या मूळ अमेरिकन कंपनीच्या परवान्याने भारतात हे सैनिक फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीने काढले आणि रंग अमेरिकेपेक्षा इतके वेगळे लावले की तिकडचे संग्राहक आज ते शोधत फिरतात. त्याच फनस्कूलचा कारखाना आपल्या खोर्लीला. सातासमुद्रापलीकडच्या माणसाला माहीत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मात्र कुणाला पत्ता नाही. माळ्यावर पडलेलं खोकं उघडून बघायला हरकत नाही. वय ओळखायची सोपी खूण दंडात आहे: 1982 च्या पहिल्या तुकडीचा दंड कोपराच्या वर वळत नाही, 1983 पासूनचा वळतो.

कुणी बारा इंची, 1964 चा मूळ जो म्हणून काही विकायला आणला तर गालावरचा व्रण दाखवून तो भुलवेल. तुम्ही उजवा अंगठा बघा. मूळ अंगठ्याचं नख चुकीच्या, आतल्या बाजूला आहे आणि नक्कल पकडायला कंपनीला तीच चूक उपयोगी पडली. नख माणसासारखं व्यवस्थित जागेवर असेल, तर पाकीट परत खिशात.