‘आधी सगळे कपॅसिटर बदला’ म्हणे!

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या हौशी मंडळींत एक मजकूर कितीतरी वर्षं फिरतोय. त्याचं सार असं: सत्तरच्या दशकातला सॅन्सुई, पायोनियर किंवा मरँट्झ हाती लागला की चालू करण्याआधीच आतले सगळे कपॅसिटर बदला. हम (स्पीकरमधला सततचा घुमणारा आवाज) आला तर फिल्टर कपॅसिटर (वीजपुरवठा सपाट करणारा) गेला. एक चॅनल बंद म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टर उडाले. खरखर आली तर गंजावरचा स्प्रे मारा. फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा घाला. मुंबईच्या चोर बाजारातून सेट उचलणारा नवशिक्या हे वाचतो आणि लगेच लॅमिंग्टन रोड गाठून कपॅसिटरांची पुडी घेऊन घरी येतो.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त नडतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आत ओलसर रसायन असलेले) सुकतात, हे खरं. पण ते उष्णतेने सुकतात. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून हीटसिंकला चिकटलेले आणि पॉवर रेझिस्टरच्या शेजारचे आधी जातात, टोन कंट्रोलच्या बोर्डावरचे ४०-५० वर्षांनंतरही मीटरवर ठणठणीत निघतात. ईएसआर मीटर (कपॅसिटरचा आतला रोध मोजणारा) लावा, जो नापास होईल तो बदला. फिल्म आणि सिरॅमिक कपॅसिटरांना तर सहसा हातही लावू नये.

सरसकट बदलण्यात तोटा काय? त्या काळचे तपकिरी बोर्ड उष्णता सोसत नाहीत. सोल्डरिंग आयर्न जरा जास्त टेकली की तांब्याचा ट्रॅक उचलून हातात येतो. ५०-६० कपॅसिटरांत एखादा उलटा बसतोच. आणि मूळ दोष भलतीकडेच असेल तर आता सेटमध्ये दोन दोष, त्यातला जुना कुठला आणि आपण घातलेला कुठला ते कळायला मार्ग नाही. अपवाद आहेत. पन्नासच्या दशकातल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमधले कागदी कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्याचा सिग्नल पुढच्याला देणारे) विद्युतदृष्ट्या गळतात आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे नियंत्रणाच्या टोकावर, पॉझिटिव्ह व्होल्टेज चढवतात. ते न मोजता काढा. जपानी सेटमध्ये भाग चिकटवायला वापरलेला गोंद काळपट तपकिरी झाला असेल तर तोही खरवडा. तो पायांना गंजवतो आणि वीजही वाहून नेऊ लागतो. इथल्या दमट हवेत तर त्याला मोकळं रानच.

हमचा निवाडा कानानेच बराच होतो. आपली मेन्स ५० हर्ट्झची, ब्रिज रेक्टिफायरने एसीचा डीसी केल्यावर रिपल (उरलेली लहर) होतो १०० हर्ट्झचा. फिल्टर कपॅसिटर कमजोर असेल तर हा १०० हर्ट्झचा खरबरीत आवाज बहुतेक वेळा दोन्ही स्पीकरमधून येतो आणि व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी जात नाही. व्हॉल्यूमबरोबर हम वाढत असेल तर दोष पॉटच्या (व्हॉल्यूमच्या फिरत्या बटणाच्या) अलीकडे, इनपुटच्या बाजूला आहे. ५० हर्ट्झचा जाडसर घुमारा असेल तर आधी टर्नटेबलची अर्थ वायर बघा. सेटटॉप बॉक्स जोडला असेल तर केबलवाल्याची वायर बॉक्समधून काढून बघा. हम गेला तर तो ग्राउंड लूप (दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने झालेला फेरा) होता, पेचकसाला हात लावायची गरज नाही.

आता एक चॅनल बंद. ‘अहो, चारही ट्रान्झिस्टर नवे टाकून घेतले, तरी डावीकडून आवाज नाही,’ असं सांगत एक काका रिसीव्हर घेऊन आले होते. दोष टेप मॉनिटरच्या (टेपरेकॉर्डर ऐकण्यासाठीच्या) स्विचमध्ये होता. वीसेक वेळा दाबला-सोडला, डावा स्पीकर गाऊ लागला. (टाकलेले ट्रान्झिस्टर नकली होते, ते वेगळंच. असा माल बाजारात उदंड आहे.)

विचार करा ना. आउटपुट ट्रान्झिस्टर जातो तेव्हा बहुधा शॉर्ट होतो. मग आउटपुटवर डीसी येतो आणि प्रोटेक्शन रिले (सगळं ठीक असेल तरच स्पीकर जोडणारा स्विच) ‘टिक्’ करतच नाही. बहुतेक सेटमध्ये दोन्ही चॅनलना मिळून एकच रिले, म्हणजे दोन्ही स्पीकर गप्प, नाहीतर फ्यूज उडालेला. उलट एकच बाजू गायब आहे, आवाज मोठा केला की येते, लहान केला की जाते, तर रिलेचे किंवा स्पीकर सिलेक्टरचे काँटॅक्ट काळे पडलेत. मागे प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प जोडणाऱ्या प्री-आउट, मेन-इनच्या पट्ट्या असतील तर सेट बंद करून त्या काढा आणि केबलने डावं-उजवं अदलाबदल करा. मुकी बाजू बदलली तर दोष प्रीअ‍ॅम्पमध्ये, तीच राहिली तर पॉवर अ‍ॅम्पमध्ये किंवा त्यापुढे. मग रिलेच्या आधी डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर आउटपुट ट्रान्झिस्टरवर संशय घेण्याचं कारण उरत नाही. ते खरंच बदलावे लागले तर बायस (आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट) नव्याने लावावा लागतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा असतो. उदाहरणार्थ, ट्रान्झिस्टरच्या एमिटरला जोडलेला रेझिस्टर ०.४७ ओहमचा आणि त्यावर १० मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे २१ मिलिअँपिअर. हे त्या फिरत्या मजकुरात कुठेच नाही.

स्प्रेबद्दल एवढंच: बिजागरीचा डब्ल्यूडी-४० पॉटमध्ये मारू नका. त्याची तेलकट साय राहते, तिच्यावर धूळ बसते आणि खरखर परत येते. इलेक्ट्रॉनिक काँटॅक्ट क्लीनर मिळतो, तो मारून पॉट पूर्ण फिरवा.

मोठा फ्यूज घालण्याचा सल्ला मात्र निव्वळ आगलावेपणा. फ्यूज उडतोय म्हणजे आत शॉर्ट आहे. मोठा घातलात तर त्याच्याऐवजी ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि तो ना चोर बाजारात मिळतो ना लॅमिंग्टन रोडवर. सिरीज बोर्ड करा, म्हणजे सेटकडे जाणारी वीज आधी एका बल्बमधून जाईल असा, त्यात ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब लावा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत राहिला तर शॉर्ट. मात्र बल्बमुळे व्होल्टेज कमी मिळून रिले लागला नाही, तर तो बिघाड समजू नका.

आणि हे सगळं करण्याआधी मागची पाटी वाचा. जपानमध्ये विकलेले सेट १०० व्होल्टचे असतात. सिलेक्टर नसेल तर आपल्या २३० वर लावायला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही पाटीवरच्या वॅटपेक्षा मोठा.