एसीत दरवर्षी गॅस भरायचा नसतो

मार्च लागला की सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज हटकून येतो. वर ‘अनुभवी मेकॅनिकचा सल्ला, जरूर वाचा’ आणि खाली पाच सूचना. एसीतला गॅस वर्षभरात उडून जातो, म्हणून दर उन्हाळ्याआधी टॉप-अप करून घ्या. इनडोअर युनिटमधून पाणी गळलं की गॅस संपत आला असं समजा. खोली लवकर थंड व्हायला रिमोट १६ वर ठेवा. सर्व्हिसिंगवर पैसे घालवू नका, जाळी धुतली की पुरे. आणि आउटडोअर युनिट ऊन-पावसापासून वाचवायला पॅक करून टाका. यातली एकही सूचना जशीच्या तशी पाळण्यासारखी नाही. पहिली सगळ्यात महागात पडते, म्हणून तिच्यावरच जास्त लिहितो.

‘गॅस वर्षभरात उडून जातो.’

एसीतला गॅस जळत नाही आणि खर्चही होत नाही. तोच गॅस गोल फिरत राहतो. खोलीतल्या कॉइलमध्ये तो उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये उष्णता सोडून तो परत आत येतो. नळ्या बंदिस्त असतील तर कंपनीतून भरून आलेला गॅस मशीन भंगारात जाईपर्यंत पुरतो. घरातला फ्रिज याच तत्त्वावर चालतो. त्यात दर उन्हाळ्यात कोणी गॅस भरतं का?

फरक एवढाच की फ्रिजचे सांधे कारखान्यात पक्के झाळलेले असतात आणि स्प्लिट एसीची तांब्याची नळी तुमच्या भिंतीवर जोडली जाते. नळीचं टोक फुलवून त्यावर नट आवळतात. टोक नीट फुललं नाही किंवा नट वाकडा बसला, की तिथून गॅस झिरपायला लागतो. दुसरं कारण गंज. समुद्राकाठची खारी हवा आणि नाल्या-गटारातून येणारे वायू तांब्याला बारीक छिद्रं पाडतात. अशा जागी राहणाऱ्यांची कॉइल लवकर जाते, हे खरं आहे. पण तिथेही गॅस ‘उडत’ नाही, गळतो. गळती तशीच ठेवून वरून गॅस भरणं म्हणजे मेकॅनिकसाठी पुढच्या मार्चचं गिऱ्हाईक पक्कं करणं.

गळती बहुतेक वेळा सापडते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही बाहेर येतं, त्यामुळे गळक्या नटाभोवती काळपट, तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटून बसते. तिथे साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा फुगताना दिसला की जागा कळली. नाहीच दिसला तर नळीत नायट्रोजन भरून प्रेशर टिकतं का ते बघतात.

आता गेजबद्दल, म्हणजे गॅसचं प्रेशर दाखवणाऱ्या मीटरबद्दल. मेकॅनिक येतो, आउटडोअरच्या व्हॉल्व्हला गेज लावतो आणि म्हणतो, ‘बघा साहेब, प्रेशर कमी आहे.’ काटा खोटं बोलत नाही, पण कारण सांगत नाही. जाळी धुळीने भरली असेल, कॉइलवर मळाचा थर असेल, तर हवा पुरेशी जात नाही, गॅसला उष्णता मिळत नाही आणि गॅस पुरेपूर असतानाही प्रेशर खाली येतं. हवा थंड असेल तरी तेच. इन्व्हर्टर मशीनमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलला की काटाही हलतो. म्हणून आधी धुवायचं आणि मग मोजायचं. धुण्याआधीच गेज लावून ‘गॅस कमी’ म्हणणाऱ्याला मी तरी हात लावू देत नाही.

भरायची वेळ खरोखर आलीच, तर कोणता गॅस आणि किती, हे मशीनवरच्या पाटीवर छापलेलं असतं. आर-३२ नावाचा गॅस वापरणाऱ्या घरगुती मशीनमध्ये तो बहुधा किलोच्या आतच असतो, त्यामुळे शंभर-दीडशे ग्रॅम इकडे-तिकडे झाले तरी फरक पडतो. गळती बुजवायची, उरलेला गॅस काढून घ्यायचा, व्हॅक्युम पंप लावून हवा आणि ओल ओढून काढायची, मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून वजनाने भरायचा. काम दोन मिनिटांत उरकलं असेल तर यातलं बरंच काही झालेलं नाही. नळीत राहिलेली ओल आतलं तेल खराब करते. गॅस जास्त झाला तर बाहेरच्या बाजूचं प्रेशर वाढतं, वीज जास्त लागते, थंडावा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं. शिवाय आर-३२ थोडा ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. हाताशी जे सिलिंडर आहे ते जोडून चालत नाही.

‘पाणी गळलं म्हणजे गॅस संपला.’

यात थोडं तथ्य आहे. गॅस कमी झाला की कॉइलवर बर्फ धरतो आणि एसी बंद केल्यावर तो वितळून पाणी भिंतीवर येतं. पण जाळी तुंबली तरी बर्फ असाच धरतो. आणि बर्फाचा पत्ता नसताना पाणी गळत असेल तर बहुतेक वेळा ड्रेनचा पाइप तुंबलेला असतो. मुंबईच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. ते ट्रेमध्ये पडून पाइपने बाहेर जातं. पाइपात शेवाळासारखा बुळबुळीत थर साचला किंवा त्याचा उतार चुकला, की पाणी खोलीत येतं. फुंकून किंवा ब्लोअरने पाइप मोकळा करणं हे पाच-दहा मिनिटांचं काम, आणि त्याच्यासाठी गॅसचं बिल भरलेली माणसं कमी नाहीत.

‘रिमोट १६ वर ठेवा.’

साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो. रिमोटवर १६ असो की २४, खोलीत येणारी हवा तेवढीच गार. १६ ठेवल्याने तो फक्त थांबत नाही. इन्व्हर्टर मशीन खोली ३५ वर असताना २४ मागितलं तरी सुरुवातीला जोरातच धावतं. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशोबाने तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि जानेवारी २०२० पासून नवे घरगुती एसी २४ वर सेट होऊनच येतात. सोबत पंखा हळू फिरवा, २६ सुद्धा सुखाचं वाटतं.

‘जाळी धुतली की सर्व्हिसिंग नको.’

जाळी धुवायचीच, उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी, आणि त्यासाठी कोणाला बोलावायची गरज नाही. पण जाळीतून निसटलेली बारीक धूळ ओल्या कॉइलवर आणि आतल्या लांबट ब्लोअरवर, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्यावर बसते. त्या पात्यांवर टॉर्च मारून बघा. कडेला करडा, ओलसर थर दिसेल, वास त्याचाच येतो. तो काढायला वर्षातून एकदा जेट पंपने धुलाई हवी. रस्त्याकडेचा फ्लॅट किंवा शेजारी बांधकाम असेल तर दोनदा. घरच्या घरी पाण्याची नळी इनडोअरवर मारू नका. बाजूलाच इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं आणि ते भिजलं की भुर्दंड मोठा. चांगल्या मेकॅनिकचे पैसे धुलाईसाठी द्यायचे असतात.

धुलाई झाल्यावर एक साधी परीक्षा घ्या. एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. वरून आत ओढली जाणारी हवा आणि झडपेतून येणारी हवा, दोन्हीकडे साधा थर्मामीटर धरा. दहा अंशांच्या आसपास फरक आला तर गॅसची चर्चाच नको. फक्त इन्व्हर्टर मशीन तेव्हा पूर्ण वेगात हवं, म्हणून परीक्षेपुरतं तापमान खाली ठेवा. १६ चा एवढाच उपयोग मला ठाऊक आहे.

‘आउटडोअर पॅक करा.’

ते युनिट पावसात उभं राहायलाच बनवलेलं असतं. वरून छोटं छप्पर चालेल. पण चारी बाजूंनी पत्रा, ताडपत्री किंवा ड्राय बाल्कनीतले दाट लूव्हर (आडव्या पट्ट्या) आले, की ते स्वतःचीच गरम हवा परत ओढून घेतं आणि भर दुपारी ट्रिप होतं. समोर हवा जायला मोकळी जागा ठेवा, कबुतराचं घरटं असेल तर काढा. बंद मोसमात प्लॅस्टिक गुंडाळलं तर आत ओल कोंडते, कॉइल गंजते आणि उंदरांना आडोसा मिळतो. पहिल्यांदा चालू करण्याआधी एमसीबी पाडून मागच्या वायरी एकदा बघून घ्या. कुरतडलेली वायर कुठल्याच टॉप-अपने दुरुस्त होत नाही.