सायकल फेरीपासून हजेरीच्या फोटोपर्यंत

बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधात आपण सीमाभागातले मराठी लोक १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. त्या दिवसाच्या सायकल फेरीत पोलिसांचा कॅमेरा असतो, याचं बेळगावात आता कुणाला नवल वाटत नाही. धर्मवीर संभाजी उद्यानापासून मराठा मंदिरापर्यंत तो आपल्या सोबतच येतो. फेरी मूक, त्यामुळं घोषणा नाहीत, नुसते चेहरे. त्या चित्रणाचं पुढं काय होतं, ते किती वर्षं ठेवतात, कुणाकुणाला दाखवतात, हे आपण कधी विचारलं नाही. केस पडली की वकील गाठायचा, जामीन घ्यायचा, आणि पुढच्या १ नोव्हेंबरला परत सायकल बाहेर काढायची. पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय.

पण आज जास्त लिहायचंय ते दुसऱ्या कॅमेऱ्याबद्दल. तो वर्षातून एकदा येत नाही, कामाच्या दिवशी रोज असतो. त्याच्यापुढं मराठी आणि कानडी दोघंही एका रांगेत उभे असतात. म्हणूनच असेल, आपल्या सभांत त्याचं नाव निघत नाही.

खानापूर तालुक्यात रोजगार हमीच्या कामावर एकदा जाऊन बघा. नाल्यातला गाळ काढायचं काम चालू असतं. बायका खोरं, बुट्टी टाकून ओळीनं उभ्या राहतात आणि कायक बंधू मोबाइल डोक्यावर धरून रेंज शोधत फिरतो. (कामावर हजेरी घेणाऱ्या मेटला आपल्या कर्नाटकात हे नाव आहे.) "काकी, जरा हिकडं सरका की, तोंडावर सावली पडालीय." काकी सरकतात. फोटो निघतो. मग चार तासांनी दुसरा फोटो. जानेवारी २०२३ पासून ही ॲपवरची हजेरी सगळीकडं सक्तीची झाली. गंमत अशी की मजुरी मिळते मापावर, किती घनमीटर माती काढली त्यावर. उन्हाच्या आधी येऊन ज्या बाईनं आपलं माप पुरं केलं, तिला घरी जायला काय हरकत? पण फोटो राहिलाय. मग बसा झाडाखाली. कणकुंबी-जांबोटीकडच्या जंगलातल्या गावांत रेंजचे काय हाल आहेत ते सांगायला नको. घाम गाळलाय हे मातीला माहीत, पण सर्व्हरला पोचलं नाही तर मजुरीचा घोळ ठरलेला.

बरं, एवढं करून चोरी थांबली का? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच राज्यांना पत्र लिहून कबूल केलं की फोटोचा फोटो काढून हजेरी लावली जाते, कामाशी संबंध नसलेली चित्रं चढवली जातात. म्हणजे ज्याला लबाडी करायची त्यानं वाट काढलीच, आणि उन्हात ताटकळत राहिली ती खरं काम करणारी बाई. त्यावर उपाय काय काढला? आणखी तपासणी. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या, म्हणजे या रोजगार हमीच्या, जागी नवा कायदा मंजूर केला. वर्षाला कामाचे शंभराचे १२५ दिवस झाले ही बातमी सगळ्यांनी वाचली. बायोमेट्रिक ओळख आणि कृत्रिम बुद्धिमत्तेनं देखरेख हेही त्याच कायद्यात लिहिलंय, ते फार कुणी वाचलं नाही. २०२५-२६ ला आपल्याकडं या कामाची रोजची मजुरी ३७० रुपये, पलीकडं महाराष्ट्रात चंदगडला ३१२. महाराष्ट्रात जायला मिळावं म्हणून सत्तर वर्षं झगडणाऱ्यांनी हा आकडाही एकदा आपल्या नेत्यांपुढं ठेवावा. कुठल्या का राज्यात असेना, मजुराला त्यावर बोलता आलं पाहिजे.

आता उद्यमबागेकडं, बेळगावच्या कारखान्यांकडं, या. फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, फेटलिंगला असणाऱ्या माणसाचे हात कधी हातात घेऊन बघितलेत? कास्टिंगच्या कडा ग्राइंडरवर घासून घासून बोटांची कातडी गुळगुळीत होते. आमच्या शेजारचा एक पोरगा अशाच एका कारखान्यात ठेकेदाराकडं आहे. गेटवर अंगठ्याचं मशीन आलं आणि त्याचा अंगठा काही केल्या लागेना. पँटला पुसून लावला, फुंकर मारून लावला, दुसऱ्या हाताचा लावला. मागं रांग ओरडायला लागली. आत जाऊन त्यानं पूर्ण पाळी केली, वर ओव्हरटाइम केला, आणि पगाराच्या दिवशी बघतोय तर गैरहजर. ठेकेदाराचं उत्तर एकच, "मशीनमध्ये नाही म्हणजे तू आलाच नव्हतास." नंतर चेहऱ्याचं मशीन बसवलं. काळ्या वाळूनं माखलेलं तोंड ते पाळी सुटताना ओळखत नाही, मग नळावर जाऊन तोंड धुऊन या.

जुन्या हजेरीवहीचं कौतुक मला नाही. मुकादम त्यातही खाडे लावायचा, पैसे खायचा. पण मुकादमाशी भांडता यायचं, चार माणसं साक्षीला उभी करता यायची. मशीनपुढं साक्ष कुणाची देणार?

आणि कायदा कुणाच्या बाजूचा आहे? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं दिला. तो खटला लढणारे के. एस. पुट्टस्वामी हे आपल्या कर्नाटकच्याच हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती. आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही, असा जो जुना निकाल होता, तो त्याच निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी चुकीचा ठरवला; तो देणाऱ्यांत त्यांचे वडील यशवंतराव होते. एवढं मोठं काम झालं. आणि त्या निकालाच्या जोरावर २०२३ ला जो डेटा संरक्षण कायदा आला, त्यात काय आहे? नोकरीच्या कारणासाठी मालकाला कामगाराची संमती लागत नाही. सरकार आपल्या यंत्रणांना कायद्यातून सूट देऊ शकतं. वर त्याच कायद्यानं माहिती अधिकारातलं कलमही बदललं, त्यामुळं वैयक्तिक माहितीचं कारण सांगून अधिकाऱ्याला आता सहज नाही म्हणता येतं. आमचा चेहरा, अंगठा, फोन नंबर घ्यायला कुणाची हरकत नाही. आम्ही मस्टरची (हजेरीपटाची) किंवा फेरीच्या चित्रणाची नक्कल मागितली की मात्र यांना खासगीपणा आठवतो.

ॲपवर जेवण पोचवणाऱ्या पोरांची गोष्ट थोडी बरी म्हणायची. कर्नाटकानं २०२५ ला त्यांच्यासाठी कायदा केला. कामावरून काढायचं तर चौदा दिवस आधी लेखी कारण द्यावं लागतं, आणि कंपनीनं कल्याण निधीत एक ते पाच टक्के भरायचे. म्हणजे मनात आलं तर यंत्राला जाब विचारणारा कायदा करता येतो. मग तोच हिशेब फौंड्रीला आणि नाल्यावरच्या कामाला का नाही?

यावर आपण गप्प का, याचं उत्तर मला डिसेंबर २०२२ मध्ये दिसतं. सीमावाद पेटला, बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, महाराष्ट्राच्या मंत्र्यांना बेळगावात यायला बंदी झाली, दोन्हीकडचे टीव्हीवाले दिवसरात्र ओरडत होते. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, कर्नाटकच्या विधिमंडळानं कारखान्यात बारा तासांची पाळी चालेल अशी दुरुस्ती केली. आठवड्याचे तास तेवढेच ठेवले, हे खरं. पण बारा तास फर्नेससमोर उभं राहणं म्हणजे काय हे मच्छे-होनग्याच्या कारखान्यांतल्या पोरांना विचारा. एका तरी मराठी किंवा कन्नड संघटनेनं त्यावर रास्ता रोको केलेला मला आठवत नाही. दगड मारणारे आणि खाणारे, दोघांच्याही घरात कुणीतरी त्या पाळीला जात असणार.

आता मला विचारतील, भाषेचा प्रश्न सोडून द्यायचा का? अजिबात नाही. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे आणि कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात गेलेल्या हिंडलग्याच्या हुतात्म्यांना विसरायला मी सांगणार नाही. उलट मशीनच्या प्रश्नात भाषा आहेच. पीएफचा नंबर काढायला आता मोबाइलवर चेहरा दाखवावा लागतो. संमतीचा मजकूर वाचता येईल अशा भाषेत नसला, तरी खाली आमची आई 'ओके' दाबते. तो मजकूर मराठीतही हवा, ही मागणी सीमाप्रश्नातच बसते.

म्हणून सीमाप्रश्नाच्या आपल्या येत्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे. मशीन नाही म्हणालं तरी चार सोबत्यांच्या साक्षीनं हजेरी धरावी, आणि पगार कापायच्या आधी कारण लेखी द्यावं. मस्टरचे फोटो ग्रामसभेत सगळ्यांसमोर लावावेत. पोलिसांनी मोर्चाचं चित्रण किती दिवस ठेवणार ते जाहीर करावं. आणि या सगळ्यासाठी शेजारच्या कन्नड कामगारांनाही बोलवावं. शेवटच्या वाक्याला विरोध होणार, मला माहीत आहे. "तू नक्की कुणाच्या बाजूचा?" असा फोन काल रात्री आलाच. त्या भावाचा स्वतःचा पोरगा कॉन्ट्रॅक्टवर कामाला आहे. त्याला म्हटलं, पोराला घेऊन ये बैठकीला, ठरावाला अनुमोदन त्याचंच घेऊ.