सहा जणांच्या लेनमध्ये एकट्यानं कसं पोहावं

सार्वजनिक तरणतलावातली लेन साधारण अडीच मीटर रुंद असते. तलाव २५ मीटर लांबीचा असेल तर एका लेनमध्ये साडेबासष्ट चौरस मीटर पाणी येतं. गर्दीच्या वेळी एवढ्यात सहा जण पोहतात. त्यातले पाच जास्तीचे आहेत हे उघड आहे. त्यांना बाहेर कसं काढायचं, एवढंच ठरवायचं. त्यासाठी अरेरावी नको, आवाज चढला की जीवरक्षकाची शिट्टी वाजते. चेहऱ्यावर ‘अरेच्चा, माझ्या लक्षातच आलं नाही’ असा भाव ठेवला की पुरतं.

आधी लेन निवडा. काठावर संथ, मध्यम, जलद अशा पाट्या असतात, त्या इतरांसाठी. तुम्ही जिथे सगळ्यात कमी डोकी दिसतात तिथे उतरा. ती बहुतेक वेळा जलद लेन निघते आणि डोकी पाण्याखाली असल्यामुळे दिसलेली नसतात. पण एकदा उतरल्यावर लेन बदलणं म्हणजे कमीपणा. तिथल्या मंडळींचं बस्तान नाजूक हिशेबावर बसलेलं असतं. जाऊन-येऊन ५० मीटरची फेरी प्रत्येक जण एका मिनिटात मारतो, पुढच्यापासून दहा सेकंदांचं, म्हणजे आठेक मीटरचं अंतर राखतो, आणि सहा जण एकमेकांना न शिवता तासभर फिरत राहतात. तुम्ही तीच फेरी दीड मिनिटात मारा. मागचा माणूस पहिली भिंत यायच्या आत तुमच्या तळपायाशी पोहोचतो, त्याच्यामागचा त्याच्या, आणि बघता बघता अख्खी लेन तुमच्यामागे वरातीसारखी चालू लागते.

लेनमध्ये दोघंच असतील तर काम आणखी सोपं. त्यांनी तळाची काळी रेघ मध्ये धरून लेन उभी वाटून घेतलेली असते. एक जण डावीकडेच जातो-येतो, दुसरा उजवीकडे. तिसरा आला की ही वाटणी मोडते आणि सगळ्यांना गोल फिरावं लागतं, एका कडेनं जायचं आणि दुसऱ्या कडेनं परतायचं. फ्रीस्टाइल पोहणाऱ्याची नजर तळाकडे असते, समोरून येणारा त्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून भिडस्त माणसं काठावर पाय सोडून बसतात, दोघंही भिंतीशी येईपर्यंत थांबतात, ‘गोल फिरू या का?’ असं दोघांनाही विचारतात आणि मगच उतरतात. यात हकनाक एक मिनिट जातं. तुम्ही थेट उडी मारून गोल फिरायला लागा. बातमी त्यांना लेनच्या मध्यावर मिळेल, बहुधा कपाळावर.

कोणत्या बाजूनं जायचं हे पाटीवरचा बाण सांगतो. काही ठिकाणी शेजारशेजारच्या लेनमध्ये दिशा मुद्दाम उलट ठेवतात, म्हणजे दोरीच्या अलीकडचा आणि पलीकडचा पोहणारा एकाच दिशेनं जातो आणि हात समोरासमोर आपटत नाहीत. कोणीतरी आधीच इतकं डोकं चालवलंय, तेव्हा तुम्ही आपलं शिणवू नका. सरळ काळ्या रेघेवरून पोहा. जाणाऱ्या-येणाऱ्या दोघांनाही सारखाच अडथळा होतो, त्यामुळे पक्षपाताचा आरोपही येत नाही.

आता भिंत. खरं कसब इथेच लागतं, कारण पाण्यात तुम्ही फक्त तुमच्या अंगाएवढी जागा अडवता, भिंतीशी उभं राहून मात्र अख्खी लेन अडवता येते. दमल्यावर लेनच्या कोपऱ्यात, दोरीला खेटून थांबावं, असा संकेत आहे. त्यामागे साधं कारण आहे: वळणाऱ्याला भिंतीचा मधला भाग लागतो. तळावरची काळी रेघ भिंतीच्या दोन मीटर अलीकडे आडव्या रेघेनं संपते. ती दिसली की फ्लिप टर्न मारणारा तयारीला लागतो, साधारण मीटरभर अंतरावर हनुवटी छातीशी घेऊन कोलांटी मारतो आणि पाय भिंतीवर टेकवतो. कोलांटी सुरू झाली की त्याला पुढचं काही दिसत नाही. तेव्हा तुमची पाठ नेमकी मधोमध हवी. शक्य असेल तर पाठीऐवजी पोट.

एकट्यानं अडीच मीटर अडवणं जड जातं, म्हणून सोबत असावी. तिघं भिंतीला पाठ लावून, कोपरं काठावर टेकवून उभे राहिलात आणि गप्पांना सुरुवात केली की त्या बाजूची भिंत इतरांच्या दृष्टीनं उरत नाही. लोक दोन हात अलीकडूनच वळायला लागतात, भिंतीला पाय न लावता, आणि ढकलून निघण्याचा त्यांचा सगळा वेग वाया जातो.

याहून वरची पायरी म्हणजे निघण्याची वेळ. निम्म्याहून अधिक भांडणं यावरूनच होतात असं आमचं मत आहे. तुम्ही विश्रांती घेत आहात, समोरून एक वेगवान माणूस येतोय. तो वळून पाचेक सेकंद पुढे गेला की आपण निघायचं, ही शहाण्यांची रीत. तुम्ही वाट बघा, त्याचा हात भिंतीपासून तीन मीटरवर येऊ द्या आणि बरोबर तेव्हा निघा. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये. भिंतीवरच्या घड्याळाचा तांबडा काटा यासाठी लावलेला नसतो, पण वेळ साधायला उपयोगी पडतो.

मग तो माणूस मागून येऊन तुमच्या तळव्याला एकदा हलकेच बोट लावेल. त्याचा अर्थ, पुढच्या भिंतीशी कोपऱ्यात थांबा, मला जाऊ द्या. तुम्ही दहा सेकंद थांबलात तर प्रश्न मिटतो, म्हणून थांबू नका. उलट जोर लावा. एरवी २५ मीटरला ४५ सेकंद घेणारी माणसं तळव्याला बोट लागताच ३० सेकंदांत भिंत गाठतात. असा प्रशिक्षक पैसे देऊनही मिळत नाही. दुसऱ्यांदा बोट लागलं तर पाय आणखी जोरात मारा. शेवटी तो वैतागून मधूनच ओलांडायला जाईल. समोरून एक जण येतच असतो. अडीच मीटरांत तिघं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ८३ सेंटिमीटर. कोण कोणावर आदळतं ते बघायला तुम्ही मागे असालच, आणि चूक तुमची नसेल.

पोहण्याचा प्रकारही विचारपूर्वक निवडावा. माणसाच्या पसरलेल्या हातांची लांबी साधारण त्याच्या उंचीएवढी असते. पावणेदोन मीटरचा माणूस बटरफ्लाय मारतो तेव्हा लेनची पाऊण मीटर रुंदी तेवढी शिल्लक राहते. समोरून कोणी आलं की एका हातानं मारावा, असं शिकवतात. ते ज्यांना शिकवलं त्यांच्यासाठी. बॅकस्ट्रोकवाल्यांनाही भरपूर वाव आहे. त्यांच्यासाठी भिंतीच्या पाच मीटर अलीकडे वर पताका लावलेल्या असतात, दोरीच्या चकत्यांचा रंगही शेवटच्या पाच मीटरांत बदलतो. पताकांपासून भिंतीपर्यंत आपले किती हात होतात हे एकदा मोजून ठेवलं की पुढे वळून बघावं लागत नाही. तुम्ही मोजू नका. छताकडे बघत तिरके जा आणि दोरीला धडकलात की दिशा सुधारा.

साहित्य जितकं आणाल तितकं थोडं. तळहातावर बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची कड दुसऱ्याच्या बोटांच्या पेरांवर बसली की तो आठवडाभर तुमची आठवण काढतो. दोन किकबोर्ड शेजारी शेजारी ठेवून बोलत जाणं हाही प्रकार चांगला, एका वेळी दोन्ही बाजू बंद होतात. आणि दमलात की दोरीवर लोंबकळा. ती आतल्या तारेवर ताणून बसवलेली असते. चकत्यांचं काम लाटा मोडण्याचं, वजन पेलण्याचं नाही. चकती तडकली की तिची कड ब्लेडसारखी लागते, पण तोवर तुम्ही दुसऱ्या टोकाला असता.

राहिला शॉवर. उतरण्यापूर्वी मिनिटभर अंग धुतलं तर घाम, क्रीम, तेल बहुतेक निघून जातं. तलाव पाण्यानंच भरलेला असताना आधी बाहेर ओलं होण्यात कोणाला गंमत वाटत असेल ती वाटो. तुम्ही कोरडेच उतरा. मध्येच लघवीची वेळ आली तर स्वच्छतागृह लांब आहे, आणि लघवी झाली की पाणी रंगीत होतं ती भानगड निव्वळ लहान मुलांना घाबरवायला सांगतात. घाम आणि लघवीतल्या युरियावर क्लोरीनची क्रिया होऊन क्लोरामाइन तयार होतात. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो तो यांच्यामुळे, आणि तो उग्र वासही यांचाच. निगा राखलेल्या तलावातल्या मोकळ्या क्लोरीनला वास जेमतेम असतो. तेव्हा बाहेर आलात की तांबडे डोळे चोळत तक्रारवही मागा आणि ठळक अक्षरांत लिहा, की पाण्यात क्लोरीन फार टाकता, ताबडतोब कमी करा.